शंभर पावल्यांची खोली

बोरखेडी, डोणगावनजीक
२ फेब्रुवारी १९३९

प्रिय शालू,

तुझं पत्र येऊन आज अकरा दिवस झाले. शिवरात्र झाली की मलकापूर सोडते, असं लिहून त्याखाली तू दोन रेघा ओढल्या आहेस. मी रोज उत्तर लिहायला बसते आणि अर्धा ताव लिहून फाडून टाकते. आज सगळं लिहिणार आहे. पण सुरुवात खोलीपासून करू दे, कारण या वर्षात माझ्या हातून काही चांगलं झालं असेल तर ते तेवढंच.

शाळेत मी एकटी, हे तुला ठाऊक आहे. दुसऱ्या बाईची जागा मंजूर झाली ती एका अटीवर, की तिच्या राहण्याची सोय शाळेच्या आवारात हवी. आवारात एकच खोली, आणि तीत आमच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष भगवंतराव यांच्या पऱ्हाट्या, कपाशीची वाळकी झाडं, जळणासाठी छपरापर्यंत रचलेल्या. दिवाळीनंतर त्यांनी त्या हलवल्या. गावातून पंचवीस रुपये गोळा केले आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, "घ्या बाई, तुमच्या मैतरणीले घर करा." माणूस मला तेव्हा भला वाटला होता, खोटं कशाला सांगू.

त्याच सुमारास चौथीच्या सात मुलींना मी शेकडेवारी शिकवत होते आणि ती काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरत नव्हती. पुस्तकात व्याजाची उदाहरणं आणि कुठल्या कुठल्या शहरांची लोकसंख्या. यांनी शंभर माणसं एके ठिकाणी पाहिली ती फक्त बाजारात. मग मी पुस्तक मिटलं आणि ती खोलीच त्यांना गणित म्हणून घातली. नवी बाई येणार, खोली रिकामी, रुपये पंचवीस. कशावर शेकडा किती खर्च करायचा ते तुम्ही ठरवा. पहिल्या दिवशी झुंबर नावाच्या मुलीनं पितळी कड्यांचा झोपाळा मांडला आणि सगळे पैसे त्यातच संपवले. बाकीच्या तिला हसल्या खऱ्या, पण त्यांच्या पाट्यांवरही पलंगाच्या पुढे काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शकीला एकदम उभी राहिली. इथल्या रहेमतुल्ला मिस्त्रींची ती मुलगी. म्हणाली, "बाई, पंचवीस रुपये म्हंजे शंभर पावल्याच तं झाल्या! शेकडा एक म्हंजे एक पावली!" शालू, आपण दोघी अमरावतीला दोन वर्षं शिकवायचं कसं ते शिकलो, पण हे मला सुचलं नव्हतं. त्यानंतर काही सांगावंच लागलं नाही. सारवण आणि चुना, शेकडा वीस. दाराची कडी आणि खिडकीचे गज, शेकडा चोवीस. बाज सोळा, कंदील आठ, सतरंजी आणि माठ बारा. फळी आणि बसकं मेज रहेमतुल्लांनी शेकडा वीसमध्ये करून दिलं, वर मजुरी काही धरली नाही. चुना मुलींनी स्वतः कालवला, त्यांच्या आयांनी भिंती सारवून दिल्या, तेव्हा पाचाच्या ठिकाणी साडेतीन रुपयेच लागले. वाचल्या सहा पावल्या.

त्या सहा पावल्यांवरून मोठं भांडण झालं. झुंबर म्हणाली, आरसा घेऊ. एकीनं विचारलं, "विधवा बाईले आरसा काऊन पायजे वो?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी फळा पुसायला वळले, याची लाज अजून वाटते. उत्तर शकीलानं दिलं. "शिकवाले येऊन राह्यल्या त्या. कुंकू नसन लावत, पण केस तं विंचरन का नाही?" हात वर करून मतं घेतली. सातापैकी पाच आरशाच्या बाजूनं. मी लगेच विचारलं, शेकडा किती? सातानं शंभराला भाग जाईना, तर चिडून म्हणाल्या, "बाई, आता राहू द्या ना!" आरसा डोणगावच्या बाजारातून पाच पावल्यांना आला. उरलेल्या पावलीचे खिळे.

संक्रांतीला खोली पुरी झाली. मी दारात उभी राहिले आणि तू तिथे बसून केस विंचरते आहेस असं मला दिसलं. दिरांच्या घरी पहाटेपासून चुलीपुढे असलेली तू नव्हे, ट्रेनिंगच्या वेळची. मुलींनी दारावर खडूनं तुझं नाव लिहिलं होतं, आणि त्याच्यापुढे 'बाई'.

संक्रांतीनंतर चार दिवसांनी दौऱ्यावरचे एक साहेब आले. मीच हौसेनं त्यांना खोली दाखवली. मुलींनी हिशेब तोंडपाठ म्हणून दाखवला. साहेब खूश झाले आणि रात्रीचा मुक्काम त्या खोलीतच केला. सकाळी जाताना म्हणाले, या भागात दौऱ्यावरच्या माणसाला पाठ टेकायला एवढी चांगली जागा दुसरी नाही. भगवंतरावांनी ते ऐकलं. त्यांना कुठल्याशा सभेवर सभासद म्हणून जायचं आहे, साहेबांचा शब्द लागणार आहे. आठवड्याच्या आत कमिटीचा ठराव झाला, की खोली दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवावी. फक्त एक कागद हवा होता, खोलीची शाळेला गरज नाही असा. त्यावर सही मुख्य बाईची, म्हणजे माझी.

दोन दिवस मी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी भगवंतराव शाळा सुटल्यावर आले, माझ्या मेजावरचा हजेरीपट उघडला आणि बोट ठेवून मोजू लागले. वेचणीच्या दिवसांत आमच्या एकतीस मुलींपैकी अठराच येत होत्या, म्हणजे शेकडा अठ्ठावन्न. साठाच्या खाली गेलं की शाळा बंद, असा नियम आहे. मी दोन-दोन, तीन-तीन नावं हजर लिहीत आले होते. ते शांतपणे म्हणाले, "बाई, ह्या पोरी तं माह्याच वावरात कापूस वेचत होत्या. इथं हजर कशा?" मग कागद ठेवला, दौत जवळ सरकवली.

मी सही केली. शाळेसाठी केली म्हणावं, तर धाड गावी माझी आई माझ्या चौदा रुपये पगारावर आहे, हेही त्या क्षणी डोक्यात आलं होतं. कशासाठी केली, ते माझं मलाच नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप होतं. मुली पाट्या काढून बसल्या. मधल्या सुट्टीत शकीला जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, अब्बा सांगत होते, कागदावर सही तुमची हाय. खरं हाय का?" मी हो म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. सोमवारपासून ती शाळेत येत नाही. झुंबरचं लग्न ठरलं आहे, तीही नाही. चौथीत आता पाच मुली आहेत. अपूर्णांक सुरू केले आहेत. त्या उतरवून घेतात, चुकलं तर पुसतात. कुणी उभं राहत नाही.

तर शालू, शिवरात्रीनंतर निघू नकोस. राहण्याची सोय नाही म्हणून तुझी जागाच रद्द झाली आहे. माझ्याकडे ये म्हणावं, तर मीही घरमालकीण विमलबाईंच्या माजघराच्या कोपऱ्यात पडदा लावून राहते, आणि दुसरं माणूस चालणार नाही हे त्यांनी मला आधीच बजावलं आहे. दिरांना अजून सांगितलं नसशील तर सांगू नकोस. सांगितलं असशील, तर त्या घरात तुला आता काय ऐकून घ्यावं लागेल ते मी जाणते. जागा रद्द झाल्याचा हुकूम आठ-दहा दिवसांत टपालानं तुझ्या हाती पडेल. त्याला माझ्या कागदाची नक्कल जोडलेली असते. खोलीची गरज नाही, असं त्यावर लिहिलेलं असेल, आणि खाली माझं नाव. ते पाहून तुला काही क्षण वाटलं असतं की माझ्या नावानं दुसऱ्या कुणी लिहिलं. तसं तुला वाटू नये, म्हणून हे पत्र.

तुझीच, असं लिहायचा हक्क उरला असेल तर,
कोकिळा