मैदानाचं पाणी, जबाबदारी माझी

३ एप्रिल
आजपासून चिकलठाण्यातलं आमचं कॉलनीचं मैदान सांडपाण्यावर हिरवं होणार. न्हाणीचं, धुण्याचं पाणी टाकीत येईल, वाळूतून गाळलं जाईल, त्यात ब्लीचिंग पावडर पडेल, मग गवताला. पावडरीचं काम मी स्वतःकडे घेतलं. बैठकीत टाळ्या.

४ एप्रिल
पावडरीने शिंका आल्या. सोमवारपासून नक्की.

९ एप्रिल
माळी कडूबा म्हणाला, "साहेब, पाणी लई वास मारतंय. पावडर टाकली नाय व्हय?" त्याला समजावलं, वास म्हणजेच खत. गवत खरोखर झकास. पावडर उद्या.

१३ एप्रिल
खो-खोची कॅप्टन उमा ओल्या गवतावर घसरली. गुडघा सोलला. खेळात चालायचंच.

१६ एप्रिल, सकाळी ७
उमाला ताप. पाय मांडीपर्यंत सुजला. ॲडमिट केलंय. पण जखम काय घरी चिघळत नाही?

दुपार
अख्खं पोतं टाकीत ओतलं. आता पावडर टाकली नाही असं कुणी म्हणणार नाही.

१७ एप्रिल
गवत पिवळं पडलं. जेवण जात नाही. बायकोला, प्रमोदिनीला, सांगितलं, ऊन लागलं.

१८ एप्रिल
दवाखान्यात गेलो, सगळं सांगायलाच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मैदानाला कुठलं पाणी देता? मी म्हणालो, बोअरचं. निघून गेलं तोंडातून. उमाच्या आईने, द्वारकाबाईंनी, चहा मागवला. म्हणाल्या, "तुम्ही आलात, धीर आला." चहा संपवून निघालो.

१९ एप्रिल
ताप हटत नाही. द्वारकाबाईंचा फोन. पाय राहील ना, विचारत होत्या. मला. उद्या सांगतोच. घाबरलेलो नाही, फक्त योग्य शब्द शोधतोय.

२० एप्रिल
सांगितलं. पाठ केलेलं निम्मं विसरलो. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "माहीत आहे. ॲडमिट केलं त्याच सकाळी कडूबा पाण्याची बाटली घेऊन आले होते. त्यावरूनच औषध ठरवलं." आज ताप उतरलाय. पाय राहील.

आत गेलो. उमा झोपली होती. द्वारकाबाईंनाही कळलं होतं. बाजूची खुर्ची रिकामी होती. "बसा" म्हणाल्या नाहीत. थोडा वेळ उभा राहिलो, मग घरी आलो.