ताईचं वजन

७ सप्टेंबर, सकाळ. वनचौकी.

नोकरीचा पहिला दिवस, आणि आभाळ नुकतं धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. अकरा वर्षं इस्पितळाच्या धुलाईखात्यात ओल्या चादरी उपसल्यावर हे काम म्हणजे चैनच. डोंगरातल्या या राष्ट्रीय उद्यानात पाच निवारे आहेत, एकेका दिवसाच्या चालीवर. बर्फ पडायच्या आत प्रत्येक ठिकाणी जाऊन औषधं, घोंगड्या, दोर मोजायचे, टिपून घ्यायचे आणि पलीकडच्या अंगाने उतरायचं. ताई शिलाईचं दुकान आठवडाभर बंद ठेवून सोबत आली आहे. कारण विचारलं तर म्हणाली, तू लहानपणी अंगणातल्या अंगणात हरवायचीस, तुला एकटीला डोंगरात धाडून मला घास गिळवेल का?

वनरक्षकाने आमच्या सॅक तानकाट्याला टांगून पाहिल्या. माझी चौदा किलो, ताईची बारा. प्रत्येक निवाऱ्यात असाच काटा आहे आणि रोज वजन करायचं हा इथला नियम. शिधा संपेल तसं वजन उतरायला हवं, तो म्हणाला. चढलं तर आल्या पावली मागे फिरा. का, ते विचारलं तर त्याने मान खाली घातली आणि काट्याचा हूक पुसत राहिला. वाटेला लागल्यावर ताईने निकाल दिला की माणूस रिकामा बसला की असलंच काहीतरी सुचतं.

७ सप्टेंबर, संध्याकाळ. पहिला निवारा.

सोळा किलोमीटर. माझ्या टाचांना दोन फोड. ताई प्रत्येक वळणावर बसली आणि स्वतःच्या गुडघ्यांना नावं ठेवत राहिली. तिची सॅक अकरा, माझी तेरा. सगळं जिथल्या तिथे. स्टोव्ह मात्र नाकात धूर घालतो.

८ सप्टेंबर, संध्याकाळ. दुसरा निवारा.

ताई आज एकदाही बसली नाही. उलट तीच पुढे, आणि मी मागून धापा टाकत. माझी सॅक साडेसतरा भरली. काटा गंजला असेल म्हणून मिठाचं एक किलोचं सीलबंद पाकीट टांगून पाहिलं. बरोब्बर एक किलो.

मागे फिरायचा विषय मी काढला. ताई म्हणाली, उद्या परतलीस तर परवा ही नोकरी दुसऱ्या कुणाची असेल. खरं आहे ते. सकाळी पुढे निघायचं.

९ सप्टेंबर, दुपार. तिसरा निवारा.

खिंड चढताना चिखल लागला. माझे बूट घोट्यापर्यंत रुतले. ताई माझ्या पुढेच चालत होती, पण तिची पावलं चिखलात कुठेच उमटली नव्हती.

सॅक एकतीस किलो. सगळं सामान जमिनीवर ओतलं आणि एकेक वस्तू टांगून पाहिली. बेरीज बारा. परत भरलं. एकतीस.

माझं तोंड बघून ताईला हसू फुटलं. मग मलाही मोज म्हणत ती दोन्ही हातांनी काट्याला लोंबकळली. घरातून निघताना ती बासष्ट किलो होती. काटा त्रेचाळीसवर थांबला. मी तीनदा हिशेब केला. तिचे गेले एकोणीस. माझ्या बारात एकोणीस मिळवले की एकतीस.

ती म्हणते, इतकं हलकं तिला लग्नाआधीसुद्धा वाटलं नव्हतं. जेवली नाही.

१० सप्टेंबर, संध्याकाळ. चौथा निवारा.

सकाळी दोघींच्या सॅक तिथेच टाकल्या आणि ताईचा हात धरून आल्या वाटेने खाली निघाले. पहिल्या वळणावर ती मटकन बसली. श्वास घेता येईना. ओठ निळे, एक हात निवाऱ्याकडे केलेला. धावत जाऊन माझी सॅक पाठीवर घेतली. पट्टे आवळले तसा तिचा श्वास परत आला.

म्हणजे टाकता येत नाही.

एकतीस किलो घेऊन खिंडीचा निसरडा उतार उतरून पाहिला. दोनदा पडले, गुडघा सोलला. चौथा निवारा सपाटीवर, शिवाय तिथे वायरलेस, म्हणून इकडे आलो. वायरलेसची बॅटरी फुगून फुटली आहे.

काट्याकडे गेले नाही. खांद्यांना कळतंय.

ताई खिडकीपाशी बसून आहे. मी तिच्या मांडीवर दोन घोंगड्या ठेवल्या, त्या थंडीसाठी नाहीत हे तिने ओळखलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. स्पर्श जाणवला नाही. केस हलले फक्त.

११ सप्टेंबर, सकाळ.

निवाऱ्यातला दोर घेतला. एक टोक तिच्या कमरेला, एक माझ्या. पाचव्या निवाऱ्यात माणूस असतो म्हणे. तिथवर जायचं. वीस पावलं आणि थांबा. वीस पावलं आणि —

दुपार.

डोंगराची धार. वारा. तिचे पाय टेकतात, पण मधूनमधून.

ताई म्हणाली, गाठ सोड आणि तू घरी जा. साधं सांगितलं, दुकानाची किल्ली कुठे आहे ते सांगावं तसं. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, लहानपणापासून हट्टी.

नंतर.

बसले ती उठता येत नाही. सॅक खडीत रुतली आहे. पट्टे काढले तर तिचा श्वास — नाही काढणार. निवारा दिसतोय. दोनशे पावलं. हाका मारल्या. दार बंद. बाहेरून कुलूप —

धुकं.

ताई दिसत नाही. हाक मारली. ओ आली. वरून.

दोर ताठ. पुढे नाही — सरळ वर. तिच्याकडची गाठ सरकतेय, हाताला जाणवतं. एका हाताने दोर धरलाय, दुसऱ्याने हे लिहितेय. दुसराही लाग