तंगडं

मार्कहॅम, ११ फेब्रुवारी २०१८

कपिल,

आपण फक्त वकिलांमार्फत बोलायचं असं ठरलंय, म्हणून हे पत्र तुला पाठवता येणार नाही. तरी लिहितेय, नाहीतर डोकं फुटेल माझं.

"बूट न घालता बर्फात गेलीस तर तंगडं तोडीन." सुमीला पाठवलेला माझा हा व्हॉइस मेसेज तू तिच्या टॅबमधून काढलास आणि कोर्टात दिलास. सुमीच्या ताब्यासाठीच्या तुझ्या अर्जात इंग्रजीत लिहिलंय की आईने सहा वर्षांच्या मुलीला पाय मोडायची धमकी दिली. तुझ्या वकिलाला मराठी येत नाही, म्हणजे भाषांतर तूच केलंस. तुझी आई तुला दिवसातून चारदा हेच म्हणायची. तुझे दोन्ही पाय शाबूत आहेत.

माझ्या वकीलबाईंना 'तंगडं' समजावण्यात चाळीस मिनिटं गेली, त्याचं बिल आलं. मग ही नुसती बोलण्याची रीत आहे, एवढं सही करून द्यायला अधिकृत भाषांतरकार गाठला. गाडीला बर्फासाठी विंटर टायर्स घ्यायचे पैसे त्यात गेले. आता तू लिहिशील की ही मुलीला जुन्या टायरवर फिरवते.

तेव्हापासून मी सुमीशी इंग्रजीतच बोलते, एकेक शब्द तोलून. काल ती बूट न घालता दाराबाहेर पळाली. मी म्हटलं, "प्लीज पुट ऑन युअर बूट्स, स्वीटी."

ती जागीच थांबली आणि रडायला लागली. "आई, आर यू मॅड ॲट मी?"

याला भाषांतर लागणार नाही. दे कोर्टात.

सुमीची आई,
कोमल