दोन पुरवण्या आणि नीलाचे सात मार्क

जवळा बाजार
ता. ९ जुलै १९७४

रा. रा. अमृतराव व्याही यांस,

संतरामचा तुम्हाला आणि सौ. विहीणबाईंना रामराम पोचावा. माझा डावा गुडघा सोडला तर इकडे घरातलं सगळं माणूस बरं आहे. तुमचा दमा शहरातल्या हवेत वाढला की कमी झाला, ते कळवावं. विहीणबाईंच्या डोळ्यांना आता सुईत दोरा ओवता येतो का, तेही कळवावं. (सुईचं हे वाक्य मी मागाहून घातलं आहे, का ते पुढे.)

पत्र लिहायचं कारण तसं काही नाही. काळजी करू नये, मीही करत नाही. रात्री तीनदा उठतो ते गुडघ्यामुळे. नीलाचा, म्हणजे माझ्या नातीचा आणि तुमच्याही, बी.ए.चा निकाल लागला. सगळे विषय निघाले, एक अर्थशास्त्र सोडून. त्यात अठ्ठावीस मार्क आहेत आणि पास व्हायला पस्तीस लागतात. म्हणजे सात कमी. सेनगावच्या हायस्कुलाचे हेडमास्तर म्हणाले आहेत की पोरगी बी.ए. झाली तर मास्तरणीची जागा तिला, आणि ती जागा ते पोळ्यापर्यंत धरून ठेवतील. पोळ्यानंतर त्यांच्या मेहुण्याचा मुलगा तयारच बसला आहे. एवढीच गोष्ट आहे, आणि ती मी बराबर मार्गाला लावली आहे.

मार्कांचा कागद आला तेव्हा नीला चुलीपुढे जाऊन बसली. तुमची लेक जनकाबाई रडली. आमच्या घरच्या रुक्माबाईंनी मला सांगितलं, "तुमी आता मधे पडू नका." मी पडलो. व्याहीबुवा, मी चाळीस वर्षं या बाजारात मापाडी होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही निजामाच्या अमलात उर्दूतून, त्यामुळे पुस्तकातलं अर्थशास्त्र मला ठाऊक नाही. पण माप चुकलं की ते मला वासावर कळतं. पेपर कसा गेला म्हणून मी तिला त्याच दिवशी विचारलं होतं. पाचही प्रश्न लिहिले, मूळ वही भरली, वर दोन पुरवण्या घेतल्या, असं ती म्हणाली होती. एवढा माल टाकल्यावर काटा अठ्ठावीसवर थांबतो, तर दोष मालात नसतो.

आता शंका कुठे घ्यायची ते बघा. पहिली शंका पेनावर. ती कॉलेजात गेली त्या वर्षीच्या दसऱ्याला तुम्ही तिला पेन दिलंत त्याबद्दल आभार आहेतच, मी काही म्हणत नाही, पण त्याची शाई फिकट उतरते. तपासणाऱ्याला चष्मा असेल, दिवस मावळत आला असेल, तर तुमच्या पेनाचं अक्षर त्याला दिसलं कसं असेल? दुसरी शंका तपासणाऱ्यावर. आमच्याकडून मात्र काही कसर नव्हती. पुरवण्या बांधायला परीक्षेत जो दोरा देतात तो नुसता उसवलेल्या सुतासारखा असतो, हे कळल्यावर मी तिला माझ्याकडची चांगली पिळाची, मेण लावलेली सुतळी दिली, आणि पोत्याला मारतात ती मापाडी गाठ दोन दिवस बसून शिकवली. आडवा फेरा, उभा फेरा, वर गाठ. ह्या गाठीचं पोतं मी हैदराबादेपर्यंत पाठवलं आहे, वाटेत एक दाणा सांडला नाही. त्या लोकांना ते विळ्याने कापावं लागलं असं ऐकलं. तेव्हा पुरवणी गळून पडली असेल ही शंका मनात आणूच नये.

आमच्या बाजारात शेतकऱ्याला माप कमी वाटलं तर तो फेरमाप मागतो. मालक समोर उभा राहतो, दुसरा मापाडी बोलावतात, आणि पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत सगळ्यांच्या देखत माप पुन्हा घालतात. विद्यापीठाचंही असंच असणार म्हणून मी धोतर बदललं आणि एस.टी.ने हिंगोलीला तिच्या कॉलेजात गेलो. (गाडीत औंढ्यापासून एक बकरी माझ्या पायावर उभी होती. गुडघा तेव्हापासून.) तिथे उत्तमसिंग नावाचे क्लार्क आहेत, फार सभ्य माणूस. मी त्यांना विचारलं की फेरमाप कोणत्या दिवशी आहे, आणि आम्ही कोणत्या बाजूला उभं राहायचं. ते म्हणाले, "बाबा, ही तूर न्हाई. उभं कुणीच राहत न्हाई."

मग त्यांनी सगळं समजावून दिलं. कुणाला सांगायला तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून लिहितो. मार्कांचा कागद हाती आल्यापासून पंधरा दिवसांत फेरमोजणीचा अर्ज करायचा. त्यावर बैठक नंबर, विषय, पेपर कितवा ते लिहायचं, परीक्षा देणाऱ्याने सही करायची, प्राचार्यांची सही घ्यायची, सोबत फी भरल्याची पावती लावायची. मग विद्यापीठात तिचा पेपर गठ्ठ्यातून काढतात. आतले मार्क आणि वरच्या पानावरचे मार्क जुळतात का, बेरीज बराबर आहे का, आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात. राहिलं असेल तर तेवढं तपासून मार्क देतात. तपासलेलं उत्तर मात्र परत वाचत नाहीत. म्हणजे कमी दिले असतील तर ते तसेच राहणार. मार्क उलटे कमीही होऊ शकतात का, असं मी विचारलं. होऊ शकतात, आणि मग तेच कबूल करावे लागतात, असं ते म्हणाले. मी हेच आणखी दोनदा विचारलं, उत्तर बदललं नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी मला पाणी दिलं.

अर्ज मी तिथल्या तिथे भरला. कारण लिहायला त्यात जागा नव्हती, म्हणून पाठीमागे लिहिलं. माझी चाळीस वर्षांची चाकरी, एकोणपन्नास सालच्या कापसाच्या मापाचा तंटा मी कसा सोडवला, आणि शेवटी तुमच्या पेनाचा उल्लेख. खाली माझी सही केली. उत्तमसिंगांनी तो बराच वेळ वाचला. मग म्हणाले, "बाबा, परीक्षेला तुमी बसले होते का?" तो अर्ज वाया गेला. तिथे माझा एक दिवस गेला, आणि पंधरातले दहा आधीच गेले होते.

दुसऱ्या दिवशी नीलाला घेऊन गेलो. तिने दोन मिनिटांत अर्ज भरला, पाठीमागे काही लिहिलं नाही. उत्तमसिंगांनी तिला पुरवण्या किती होत्या, कशा बांधल्या होत्या असं काही विचारलं. तिने हाताने हवेत आडवं-उभं करून दाखवलं, आणि दोघंही हसायला लागली. मी तेव्हा अर्जावरचा बैठक नंबर चौथ्यांदा पडताळून पाहत होतो, म्हणून लक्ष दिलं नाही. तरुण माणसं कशालाही हसतात. प्राचार्यांची सही झाली, अर्ज रजिस्टर टपालाने गेला, बाराव्या दिवशी. पोरगी परतीच्या गाडीत निकालानंतर पहिल्यांदा शेंगा खाऊन राहिली होती.

तेव्हा सगळं ठीक आहे. काटा कुणाचा चुकला ते लवकरच बाहेर येईल, आणि त्या तपासणाऱ्याला मी एकदा भेटणार आहे. तुम्ही काही तकलीफ घेऊ नये. विहीणबाईंना नमस्कार सांगावा.

आपला व्याही,
संतराम

ता. क. : पाकीट चिकटवायला खळ करत होतो, तेवढ्यात नीलाने पत्र वाचलं. पेनाबद्दलचं सगळं खोडा म्हणाली. अक्षर स्पष्ट होतं, दोन वर्षं त्याच पेनाने पास झाले, असं तिचं म्हणणं. कागद खराब दिसेल म्हणून मी खोडलेलं नाही, पण तुम्ही खोडलेलं समजून वाचावं.

ता. क. दुसरा : ती दोघं काय हसत होती ते आता नीलाने सांगितलं. मूळ वहीत तीन प्रश्न होते. उरलेले दोन प्रश्न पुरवण्यांत होते, आणि माझ्या गाठीने त्या पुरवण्या पोत्यासारख्या बंद झाल्या होत्या. वर्गातल्या मास्तरांनी वही गोळा करताना ती गाठ सोडायचा प्रयत्न केला होता, नखाला लागलं म्हणून सोडून दिला. उत्तमसिंगांचं म्हणणं असं की तपासणाऱ्यापुढे शेकड्याने वह्या असतात. त्यानेही ओढून पाहिलं असेल, आणि आत कोरी पानं असतील म्हणून बाजूला सारलं असेल. तीन प्रश्नांचेच अठ्ठावीस, हा हिशोब मला आधी सुचला नाही. रुक्माबाई म्हणाल्या, "मी काय म्हणले होते?" त्या तपासणाऱ्याला भेटायचा बेत रद्द केला आहे.

ता. क. तिसरा : उत्तमसिंग म्हणतात फेरमोजणीत पुरवणी उघडतीलच. माझाही विश्वास आहे. पण गाठ माझी आहे. घाईघाईत कात्रीने कापली आणि पान फाटलं तर पोळ्यापर्यंत दुसरं पान कुठून आणायचं? विद्यापीठ तुमच्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. तेव्हा एक काम करावं. फेरमोजणीच्या खोलीपर्यंत जाऊन तिथल्या माणसाला नम्रपणे सांगावं की नीलाच्या बैठक नंबरची (तो पाकिटाच्या मागे लिहिला आहे) गाठ ओढू नये. डावीकडचं आखूड टोक आत ढकलायचं, मग उभा फेरा अंगठ्याने सैल करायचा, मग ती आपोआप सुटते. आत जाऊ दिलं नाही तर फाटकावरच्या शिपायाला सांगावं. त्यालाच नीट शिकवावं. सरावासाठी त्याच सुतळीची बांधलेली एक गाठ पाकिटात घातली आहे.

ता. क. चौथा आणि शेवटचा : तुमच्याकडून सुटली नाही तर वाईट वाटून घेऊ नये, कुणाकडूनच सुटत नाही. म्हणून खरं काम आता लिहितो. तेवीस वर्षांपूर्वी जनकाबाईच्या लग्नात, मुहूर्त टळत आलेला, आणि आमच्याकडून आलेलं नवरीच्या साड्यांचं गाठोडं चार बाप्यांना सुटेना. तेव्हा विहीणबाईंनी ते बोलता बोलता दोन बोटांनी सोडलं, आणि सगळा मांडव माझ्याकडे बघून हसला. ते गाठोडं माझ्या पुतण्याने बांधलं होतं असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलो. ते मीच बांधलं होतं. विद्यापीठात तुम्ही जाऊ नये. विहीणबाईंना पाठवावं.