रघूच्या जीपमधलं माझं तेल

१२ सप्टेंबर १९९९

साहेब 'नाही' म्हणाले नाहीत! माझं गिअर ऑइल खऱ्या गाडीत घालून बघायचं, दिवाळीपर्यंत. मुरबाडच्या या एवढ्याशा कारखान्यात मी केमिस्ट, आणि अख्खं माझ्या हातचं हे पहिलंच तेल. लॅबमध्ये सगळीकडे पास. साहेबांचं एकच — "मेघा, रिपोर्ट चांगला आहे ना? लेबलं छापू." पण काचेच्या नळीत घाट कुठे असतो!

१४ सप्टेंबर

जीप रघूची, भाड्यानं माणसं नेणारी. मुरबाड–किन्हवली–शहापूर, आत कोंबलेले आणि मागे लटकलेले. त्यानं तेल बोटांत चोळलं, हुंगलं, तोंड वाकडं केलं. "पातल हाय वो, ताई." पातळ म्हणजे वाईट — कुणी शिकवलं यांना?

३ ऑक्टोबर

दुसरा गिअर अलगद पडतो म्हणे! दिवसभर उगाच हसत होते.

२० ऑक्टोबर

घात! काल दसरा. रघूनं जीप धुतली, झेंडूचा हार घातला आणि माझं तेल काढून टाकून बाजारातलं नवं भरलं. "सनाला गाडीत जुना तेल ठेवू काय, ताई?" मी नको ते बोलले. बिचारा! त्याच्या मते त्यानं माझा मानच राखला होता.

घरी येऊन रडले.

२१ ऑक्टोबर

साहेब उलट खूश. "इतके दिवस चाललं, तक्रार नाही. कर सही." सही केली तर दिवाळीला माझं तेल दुकानात! मोह झाला, खोटं कशाला लिहू? पण गिअरबॉक्स उघडून कुणी पाहिलाय? पुन्हा पहिल्यापासून, संक्रांतीपर्यंत, म्हटलं. साहेब चिडले. मग "कर बाई" म्हणाले.

रघूनं कान पकडले. "आता देव आला तरी बूच नाय खोलनार."

२ डिसेंबर

माळशेज चढून आलो, मी पुढच्या सीटवर. जराही खरखर नाही. होणार हे तेल पास!

१६ जानेवारी २०००

गिअरबॉक्स उघडला. गिअरचे दाते चकचकीत. पण गिअर सहज पडावा म्हणून आत पितळी रिंगा असतात, त्या खाल्ल्या गेल्यात. माझ्याच तेलानं. दिवाळीला विकलं असतं तर?

नापास. सही केली.

वाटलं, आता रघू शिव्या घालणार. तो रिंग उन्हात धरून बघत होता. म्हणाला, "नव्या रिंगा टाकून ठेवतो. दुसरा तेल कदी आनताव, ताई?"