कोरा फारम

भिलाई, १२ फेब्रुवारी १९६१

प्रिय सत्यशीला,

तुले जयभीम, आईच्या पाया पडतो.

मी खुशाल हाय. जेवण बरं भेटते. आईचा खोकला कसा हाय? मी अर्धी विणून ठेवलेली बाज कोणी पुरी केली का?

वेल्डिंगची परीक्षा झाली. लोखंडाच्या दोन पट्ट्या जोडायच्या होत्या. माहा जोड सगळ्यात सुंदर दिसत होता, बाजूचे लोक पाहाले आले. मंग साहेबानं तो मधातून कापला, तर आतून पोकळ निघाला. नापास झालो. काळजी करू नको, मार्चमध्ये पुन्हा बसू देतात.

तुले तर ठाऊक हाय, मले नुसतं पाहून लवकर येते. पण आलं असं वाटलं की मन तिथून उठते. शिलाई तशीच सुटली, सायकलीचं काम तसंच सुटलं. हे बी तसंच अर्धं राहिलं, तर उद्या माह्या पोकळ जोडाखाली माणसं उभी राहतील.

आता क्रेन शिकण्याचे फारम निघाले. मी बी एक घेऊन आलो! तीन दिवसांपासून खिशात हाय, हात सारखा तिकडंच जाते. माह्या खोलीतला चंपत म्हणते, "भर ना, कावून थांबला?"

म्हणून तो कोरा फारम ह्याच पाकिटात घालून राहिलो. ट्रंकेत ठेव, कुलूप लाव. तारीख गेली तरी जाऊ दे. मी पास होईपर्यंत, मांगतला तरी देऊ नको.

मी मांगीनच.

तुहा,
धोंडबा