आशीर्वादाआधीचा खोकला

अहो,

तुमाले माती देऊन वर्ष होत आलं. अकोल्याच्या आपल्या चर्चच्या मंडळीनं तुमच्या जागी नवा पाळक शोधाले समिती नेमली, त्यात मलेही घेतलं. दर रविवारी एक उमेदवार उपदेश करते, पण शेवटच्या आशीर्वादाले कोणी उभंच राहत नाही. तुमी आधी खोकत होते न, त्याच खोकल्याची वाट पाहत बसतात सारे. समिती म्हणते, "मंडळीले पसंत नाही."

मीही मान डोलावते. नवा पाळक आला का मले हा चर्चचा बंगला सोडा लागते.

आज तिवस्याहून आलेल्या उमेदवार पोरानं आशीर्वादाले हात उचलले, सारे बसूनच. मी तोंडावर पदर दाबला, तरी खोकला निघाला. गळा माहा, आवाज तुमचा. सारे उठले. पोरगा पसंत झाला.

काहून खोकले हो तुमी? आता मी कुठं जाऊ?

तुमचीच,
सुवार्ता